व्हिएतनामच्या गावांतली गस्त: अमेरिकन पायदळ सैनिकाच्या रोजच्या जगण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनाम युद्ध म्हटलं की हेलिकॉप्टर आणि घनदाट जंगल डोळ्यांपुढे येतं. पण मध्य व्हिएतनाममधल्या दा नांग शहराच्या दक्षिणेला, क्वांग नाम आणि क्वांग न्गाई प्रांतांच्या किनारपट्टीवर, पायदळाच्या सैनिकांचे कित्येक महिने भातखाचरांत आणि वेळूच्या बेटांमागे दडलेल्या वस्त्यांत गेले. हे पान मुख्यतः त्या पट्ट्याबद्दल आणि १९६५ ते १९७१ या वर्षांबद्दल आहे. मी स्वतः भातशेतीच्या गावात वाढलो. त्यामुळे या युद्धाबद्दल वाचताना बांधावरून बंदूक घेऊन चालणारा आणि खाचरात वाकून लावणी करणारी, असे दोघेही मला एकदमच दिसतात. उत्तरंही तशीच दिली आहेत.

गस्तीवर जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चालायचं. बहुतेक दिवशी एवढंच. नकाशावर तीन-चार ठिकाणं ठरवून दिलेली असत. तिथवर जायचं, वाटेतल्या वस्त्या तपासायच्या, शत्रू सापडला तर लढायचं आणि अंधार पडायच्या आत रात्रीची जागा धरायची. यातल्या कितीतरी गस्ती एकही गोळी न सुटता संपत. पण गोळी सुटणार नाही हे सकाळी कुणालाच ठाऊक नसे, त्यामुळे रिकामा दिवसही माणसाला पिळून काढायचा.

गस्तीला निघायची ती तुकडी म्हणजे प्लाटून. कागदावर तिच्यात चाळीसेक माणसं. प्रत्यक्षात आजारी, जखमी, सुट्टीवर गेलेले वजा करून पंचवीस-तीसच उरायची. रांगेत सगळ्यांत पुढे ‘पॉइंट मॅन’. त्याची नजर पायाखालच्या जमिनीवर. त्याच्या मागचा माणूस त्याच्यासाठी झाडं, घरं, बांध बघायचा. मधे लेफ्टनंट आणि त्याच्या हाताच्या अंतरावर रेडिओवाला. रेडिओची अँटेना लांबून दिसायची, म्हणून या दोघांवर नेम धरला जायचा. मशीनगनवाला, ग्रेनेड फेकणारी आखूड नळीची बंदूक घेतलेला एकजण आणि सगळे ज्याला ‘डॉक’ म्हणत तो वैद्यकीय मदतनीस. दोन माणसांत बरंच अंतर ठेवायचं, कारण एका सुरुंगात दोघं जाऊ नयेत.

हे सैनिक होते कोण?

बहुतेक विशीच्या आसपासची मुलं. ‘सरासरी वय १९’ हे वाक्य सगळीकडे सापडतं. युद्धात मेलेल्या अमेरिकनांचं सरासरी वय मात्र २३ च्या आसपास होतं. तरी पायदळाच्या तुकडीत १९-२० वर्षांची मुलं भरपूर असत आणि २६ वर्षांच्या सार्जंटला म्हातारा समजत.

व्हिएतनाममध्ये गेलेल्या सगळ्या अमेरिकन सैनिकांत सक्तीच्या भरतीचे कमी होते, स्वेच्छेनं गेलेले जास्त. पण लष्कराच्या पायदळाचे रायफलवाले पाहिले तर १९६९ पर्यंत चित्र उलटं झालं होतं. तिथे सक्तीनं आणलेलेच बहुसंख्य. कॉलेजात शिकणाऱ्यांना सूट मिळायची, त्यामुळे कामगारांच्या, लहान शेतकऱ्यांच्या, गरीब वस्त्यांतल्या मुलांवर हा भार अधिक पडला. १९६९ च्या एप्रिलमध्ये तिथे ५ लाख ४३ हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते. त्यातले बहुतेक तळांवर, गोदामांत, कार्यालयांत आणि दुरुस्तीच्या कामांवर. चिखलात चालणारे थोडे. ते स्वतःला ‘ग्रंट’ म्हणत, म्हणजे ओझ्याखाली हुंकारणारे.

पाठीवर किती ओझं असायचं?

पंचवीस-तीस किलो तर सहज. एकट्या रेडिओचं वजन दहा किलोंच्या वर, बदली बॅटऱ्या वेगळ्या. एम-६० मशीनगन साडेदहा किलोंची आणि तिच्या गोळ्यांचे पट्टे सगळ्यांनी वाटून गळ्यात घालायचे. शिवाय प्रत्येकाकडे स्वतःच्या गोळ्या, हातबाँब, क्लेमोर सुरुंग (जमिनीवर ठेवून दुरून उडवायचा), धुराचे डबे, खोदायचं फावडं, जेवणाचे डबे, पाँचो म्हणजे पावसात अंगावर घ्यायचं कापड आणि त्याचं पातळ अस्तर. ओल्या रात्री अंगावर ओढायला ते अस्तर हीच खरी चैन होती, असं पुष्कळ सैनिकांनी सांगितलंय.

सगळ्यांत जड मात्र पाणी. चार-पाच कॅन्टीन तरी लागायच्या. उन्हाळ्यात त्या दुपारपर्यंत रिकाम्या व्हायच्या आणि मग विहीर, ओढा, वेळ आली तर खाचरातलं पाणीसुद्धा भरून त्यात आयोडिनची गोळी टाकायची. त्या पाण्याला औषधाची चव यायची. म्हणून घरच्यांना पत्र लिहून सरबताच्या पावडरीची पाकिटं मागवली जात.

खायचे काय?

डबाबंद रेशन. एका खोक्यात एक जेवण: मांसाचा डबा, फळांचा किंवा केकचा डबा, बिस्किटं, कॉफीची पूड, साखर, मीठ, काडेपेटी, च्युइंगम, टॉयलेट पेपर आणि चार सिगारेटी. प्रकार बारा. डबा उघडायला अंगठ्याएवढं घडीचं पातं मिळायचं, ते बहुतेकजण ओळखपट्टीच्या साखळीत अडकवून गळ्यात ठेवत.

डुकराचं मांस आणि लिमा बीन्स हा डबा जवळजवळ सगळ्यांच्या तिरस्काराचा. पीचच्या फोडी आणि पाउंड केक यांच्यासाठी सौदे चालत. मरीन, म्हणजे लष्कराहून वेगळ्या सागरी पायदळाच्या, सैनिकांत जर्दाळूचा डबा अपशकुनी मानला जायचा. गरम करायला रसायनाची वडी मिळे. ती नसली तर सी-४ या स्फोटकाचा चिमूटभर तुकडा पेटवत. ते नुसतं पेटवलं तर स्फोट होत नाही, भराभर जळतं. घरून आलेला तिखट सॉस हा तर तुकडीचा सामाईक ठेवा असायचा.

गावकऱ्यांच्या चुलीवर त्याच वेळी भात शिजत असायचा. काही सैनिकांनी तो चाखला. बहुतेकांना तसा हुकूमही नव्हता आणि धीरही नव्हता.

पावसाळ्यात पायांचं काय व्हायचं?

भातलावणी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे चिखल्या होतात, तसंच, पण कित्येक पटींनी वाईट. मध्य किनारपट्टीवरचा मोठा पाऊस साधारण सप्टेंबर ते जानेवारी या काळातला, आपला पाऊस सरतो तेव्हा तिथला भरात येतो. आठवडाच्या आठवडा बूट काढता आले नाहीत की तळव्यांची कातडी पांढरी पडून सोलून निघायची. चालता न आल्यामुळे मागे पाठवलेल्यांची संख्या काही तुकड्यांत गोळी लागलेल्यांपेक्षा जास्त असायची. म्हणून चांगला सार्जंट रोज पाय तपासायचा. कोरड्या मोज्यांची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपली जायची. अंतर्वस्त्र घालायचं बहुतेकांनी सोडून दिलेलं असायचं, कारण ओल्या कापडानं जांघा सोलायच्या.

‘जंगल बूट’ मुद्दाम या देशासाठी केलेला होता. बाजूंना कापड, पाणी निथळायला भोकं आणि तळात टोकदार बांबूंपासून संरक्षण म्हणून धातूचा पत्रा. जळवा लागल्या तर त्यांच्यावर डास पळवायच्या औषधाचे थेंब टाकायचे. मलेरियासाठी आठवड्यातून एकदा मोठी नारिंगी गोळी आणि बऱ्याच भागांत रोज एक पांढरी गोळी. साधं खरचटलं तरी ते महिनाभर चिघळत राहायचं.

गावात शिरल्यावर सैनिक काय करत?

आधी गाव म्हणजे काय ते बघायला हवं. नकाशावरचं एक गाव म्हणजे चार-पाच वाड्या, एकमेकींपासून खाचरांनी तुटलेल्या. प्रत्येक वाडीभोवती वेळूचं दाट कुंपण. आत पेंढ्यानं किंवा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरं, सारवलेली अंगणं, डुकरं, कोंबड्या, घरात पूर्वजांचा देव्हारा. खाचरांच्या मधोमध त्याच पूर्वजांच्या गोल कबरी. वाडीच्या नावांबद्दल अमेरिकन नकाशे आणि गावकरी यांचं अनेकदा जमत नसे. एकाच नावाच्या चार वाड्यांना नकाशावर आकडे दिलेले असत.

तुकडी वाडीला वेढा घालायची, मग काहीजण आत जायचे. लोकांना अंगणात आणून बसवायचं, ओळखपत्रं बघायची. मग घरं. कणगी उपसायची, चटया उचलायच्या, पेंढ्याच्या गंजीत संगीन खुपसायची, विहिरीत डोकवायचं, चुलीखालची जमीन ठोकून बघायची.

यात दोन गोष्टी दर वेळी घोळ करायच्या. पहिली, घरातला खड्डा. जवळजवळ प्रत्येक घरात जमिनीखाली एक आसरा खणलेला असायचा, कारण तोफा आणि विमानं रात्री-अपरात्री मारा करत. सैनिकाला मात्र तो शत्रूचा लपण्याचा खड्डा वाटायचा. आत कोण आहे ते बघायला उतरायचं की वरून हातबाँब टाकायचा, हा निर्णय एकोणीस वर्षांच्या मुलाला काही क्षणांत घ्यायचा असे. आतून काही वेळा बंदूकवाला निघाला. कित्येकदा आजी आणि नातवंडं होती.

दुसरी, धान्य. कणगी भरलेली दिसली की प्रश्न: एवढा तांदूळ कुणासाठी? सुगीनंतर कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात वर्षाचं धान्य असतं, हे शहरातून आलेल्या मुलाला कसं कळावं? जास्त वाटलं की जप्त व्हायचं, नाहीतर नासवलं जायचं. व्हिएत काँगला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सायगाव सरकारविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांना, धान्य मिळत होतं हे खोटं नव्हतं, ते याच कणग्यांतून जायचं. पण नासलेल्या कणगीची किंमत ते घर वर्षभर मोजायचं.

तरुण पुरुष तर वाडीत नसतच. कुणी सरकारी सैन्यात, कुणी दुसऱ्या बाजूला, कुणी दोघांपासून लपलेला. म्हणजे समोर बसलेले सगळे म्हातारे, बायका आणि मुलं. पुरुष कुठे आहेत, हा प्रश्न रोज विचारला जायचा आणि रोज एकच उत्तर यायचं: ‘खोंग बियेत’, ठाऊक नाही.

एकमेकांची भाषा कुणाला येत होती का?

फारच थोड्यांना. व्हिएतनामीत स्वर बदलला की शब्दच बदलतो. सैनिकांकडे पाच-दहा शब्द असत: ‘डुंग लाय’ म्हणजे थांब, ‘दी दी माऊ’ म्हणजे पटकन नीघ, ‘कान कूक’ म्हणजे ओळखपत्र, ‘बाक सी’ म्हणजे डॉक्टर. त्यातही उच्चार चुकीचे. ‘थांब’ असं ओरडल्यावर घाबरून पळणारी व्यक्ती दोषी धरली जायची आणि पळणाऱ्यावर गोळी झाडली जायची. बायकांना ‘मामासान’ आणि म्हाताऱ्यांना ‘पापासान’ म्हणत. ते मुळी व्हिएतनामी शब्दच नव्हते. जपान आणि कोरियातल्या अमेरिकन छावण्यांतून ते इकडे आले होते.

दुभाषे कमी. काही तुकड्यांबरोबर शरण आलेले माजी व्हिएत काँग वाटाडे म्हणून असत. त्यांना पाऊलवाटा कळत, सापळे कळत. त्यांच्यावर विश्वास ठेवायला सैनिकांना वेळ लागे, पण ठेवला की मग रांगेत पुढे तेच असत.

मुलं मात्र भाषेवाचून पोचायची. गस्तीच्या मागे सायकलवर कोका-कोलाच्या बाटल्या घेऊन येणारी पोरं, चॉकलेट आणि सिगारेटी मागणारी पोरं. ‘नंबर वन’ म्हणजे छान, ‘नंबर टेन’ म्हणजे एकदम वाईट, एवढ्या दोन आकड्यांवर तासभर गप्पा चालत. एखाद्या वाडीत मुलं दिसली नाहीत की अनुभवी सैनिक सावध व्हायचा.

सुरुंग कुठे आहेत हे गावकऱ्यांना ठाऊक असायचं का?

पुष्कळदा असायचं. त्यांना त्याच वाटेनं रेडे चरायला न्यायचे असत. मोडलेली फांदी, गवताची गाठ, दगडांची ठरावीक मांडणी अशा खुणा ठेवलेल्या असत. खुणा ओळखणाऱ्याचा जीव वाचायचा.

सापळे साधे होते. रेशनच्या रिकाम्या डब्यात हातबाँब आणि वाटेवर ताणलेली तार. खड्ड्यात रोवलेले टोकदार बांबू. न फुटलेला अमेरिकन तोफगोळाच पुन्हा कामाला लावून झाडाच्या मुळाशी पुरलेला. अमेरिकन दारूगोळ्याचा एक भाग अशा रीतीनं त्याच सैनिकांच्या पायाखाली येत होता. क्वांग न्गाईच्या बाटांगान द्वीपकल्पाची यासाठी विशेष धास्ती होती. १९६५ ते १९७० च्या मध्यापर्यंत मेलेल्या अमेरिकनांपैकी सुमारे ११ टक्के आणि जखमींपैकी सुमारे १७ टक्के सुरुंग-सापळ्यांचे बळी होते.

आकड्यापेक्षा त्याचा मनावरचा परिणाम मोठा. मित्राचा पाय उडतो, समोर शत्रू नसतो, गोळी झाडायला कुणी नसतं. पन्नास पावलांवर एक बाई लावणी करत असते आणि तिनं मान वर केलेली नसते. तिला ठाऊक होतं का? होतं तर तिनं का सांगितलं नाही? माझ्या मते या युद्धातल्या गावागावांतल्या रागाचं मूळ याच प्रश्नात आहे.

मग तिनं का सांगितलं नाही?

सांगितलं तर रात्री कोण वाचवणार होतं? दिवसा अमेरिकन आणि सायगाव सरकारचे सैनिक, रात्री व्हिएत काँग. अमेरिकन तुकडी दुपारी येऊन संध्याकाळी निघून जायची. रात्री आलेली माणसं विचारायची की दुपारी तू त्यांच्याशी काय बोललीस. फितुरीचा संशय आला तर गावासमोर शिक्षा व्हायची, जीवही जायचा. उलट बाजूनं, रात्री भात दिला हे कळलं तर दिवसा अटक आणि मारझोड.

आणि पुष्कळ घरांत तो रात्रीचा माणूस परका नव्हताच. तो भाचा होता, दीर होता, मुलगा होता. फ्रेंचांशी, म्हणजे जुन्या वसाहती राज्यकर्त्यांशी, त्याच पट्ट्यात १९४६ ते १९५४ या काळात लढाई झाली होती आणि कित्येक कुटुंबांचे लोक तेव्हापासून त्या रात्रीच्या माणसांच्याच बाजूला होते. सगळ्यांना मनापासून क्रांती हवी होती असंही नाही. बऱ्याच जणांना फक्त आपलं शेत पेरायचं होतं. शहरात किंवा निर्वासितांच्या छावणीत गेलं की कबरी, देव्हारा आणि जमीन तिन्ही सुटत होती. म्हणून माणसं माऱ्याखालीही परत गावात येऊन राहायची.

सैनिक घरं जाळायचे हे खरं आहे का?

होय. ३ ऑगस्ट १९६५ रोजी दा नांगजवळच्या कॅम ने इथे मरीन सैनिकांनी लायटरनं छपरं पेटवल्याचं अमेरिकन दूरचित्रवाणीनं दाखवलं आणि तिकडे खळबळ उडाली. पुढे अशा कारवायांना सैनिकांच्या बोलीत लायटरच्या ब्रँडवरून ‘झिपो’ हेच नाव पडलं. काही भाग ‘मुक्त मारा क्षेत्र’ म्हणून जाहीर व्हायचे. तिथली वस्ती आधी हलवायची आणि मग जो दिसेल तो शत्रू, असा त्याचा अर्थ व्यवहारात घेतला जायचा. पत्रकं टाकून सूचना दिलेली असायची, पण ज्यानं गाव सोडलं नाही त्याच्यासाठी ती सूचना म्हणजे शिक्षाच.

यशाचं माप मुडद्यांच्या संख्येत होतं. वरून आकडा मागितला जायचा, खालून आकडा दिला जायचा. शेतात मेलेला शेतकरी अशा वेळी कागदावर सहज ‘व्हिएत काँग’ होई.

माय लायमध्ये काय झालं?

१६ मार्च १९६८ ची सकाळ. क्वांग न्गाई प्रांतातलं सोन मी गाव, त्यातली अमेरिकन नकाशावर ‘माय लाय ४’ म्हणून दाखवलेली वाडी. अमेरिकन लष्कराच्या अमेरिकल डिव्हिजनमधली चार्ली कंपनी ही तुकडी हेलिकॉप्टरनं उतरली. आधीच्या आठवड्यांत सुरुंगांनी त्यांची माणसं मारली होती, दोनच दिवसांपूर्वी एक सार्जंट गेला होता. आज शत्रूची पलटण सापडेल असं त्यांना सांगितलं होतं. सापडले ते सकाळची न्याहारी करणारे लोक. सैनिकांवर कुणीही गोळी झाडली नाही. काही तासांत बायका, मुलं, तान्ही बाळं आणि म्हातारे मारले गेले. बलात्कार झाले, घरं जाळली, माणसांना चरात उभं करून गोळ्या घातल्या. अमेरिकन लष्कराच्या मोजणीप्रमाणे ३४७ आणि व्हिएतनामच्या यादीप्रमाणे ५०४ माणसं. लष्करी अहवालात मात्र १२८ शत्रू ठार आणि ३ शस्त्रं जप्त असं लिहिलं गेलं. १२८ आणि ३ हे दोन आकडे शेजारी-शेजारी असूनही वर कुणाला ते खटकले नाहीत.

वॉरंट ऑफिसर ह्यू थॉम्प्सन वरून हेलिकॉप्टर उडवत होता. चाललंय ते लक्षात आल्यावर तो सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मधे उतरला. ‘आपल्या लोकांनी यांच्यावर गोळी झाडली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा,’ अशा अर्थाचा हुकूम त्यानं लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन अँड्रिओटा या आपल्या साथीदारांना दिला. काही माणसं त्यांनी बाहेर काढली आणि चरातल्या प्रेतांमधून एक जिवंत मूलही.

प्रकरण दीड वर्ष दाबलेलं राहिलं. रॉन रिडेनआवर या माजी सैनिकानं १९६९ च्या मार्चमध्ये अधिकाऱ्यांना आणि संसद सदस्यांना पत्रं पाठवली, नोव्हेंबरमध्ये पत्रकार सीमोर हर्श यांनी ते जगापुढे आणलं. शिक्षा फक्त लेफ्टनंट विल्यम कॅली याला, २२ माणसांच्या खुनाबद्दल. जन्मठेपेची शिक्षा होऊन तो साडेतीन वर्षांच्या आसपास, बहुतेक काळ घरातच, स्थानबद्ध राहिला. थॉम्प्सन आणि त्याच्या साथीदारांना पदक मिळालं ते १९९८ मध्ये.

‘युद्धात असं होतंच’ असं म्हणून हा विषय मिटवणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याच कंपनीत गोळी न झाडणारेही सैनिक होते. भीती सगळ्यांची सारखी होती, वागणं सारखं नव्हतं.

गावकऱ्यांशी बरे संबंध कुठेच जुळले नाहीत का?

जुळले. सगळ्यांत सलग प्रयत्न मरीन दलाच्या ‘संयुक्त कारवाई’ प्लाटूनचा. १९६५ मध्ये दा नांगच्या उत्तरेला, फू बायजवळ याची सुरुवात झाली. तेरा-चौदा मरीन आणि एक वैद्यकीय मदतनीस गावातच मुक्कामाला राहत, तिथल्या गावरक्षक दलाच्या स्थानिक माणसांबरोबर रात्री गस्त घालत. पुढे अशा शंभराहून अधिक प्लाटून झाल्या. तिथल्या मरीनला कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचा रेडा आजारी आहे, रात्री कुठल्या वाटेनं कुत्री भुंकली हे कळायला लागायचं. गावकरी मग सुरुंगाबद्दल सांगायचेही, कारण हे लोक संध्याकाळी निघून जाणार नव्हते. त्यांच्यावर हल्लेही झाले आणि बरेचजण मेले. १९७१ मध्ये ही योजना संपली. गावरक्षक तिथेच राहिले. पुढे गाव दुसऱ्या बाजूच्या हाती गेल्यावर त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

इतर तुकड्या वैद्यकीय भेटी द्यायच्या. डॉक्टर किंवा ‘डॉक’ वाडीत खोकं मांडून बसायचा, खरूज, डोळे, दात, जखमा बघायचा, साबण वाटायचा. रांगा लागायच्या. पण तीच तुकडी पुन्हा महिनाभर फिरकली नाही तर चार दिवसांच्या गोळ्यांचा उपयोग काय? डॉक्टरांनी स्वतःच ही तक्रार नोंदवली आहे.

रात्र कशी जायची?

खड्डा खणायचा, पुढे क्लेमोर आणि तारेला धक्का लागला की पेटणारे भुईनळे लावायचे, दोन-दोन तासांच्या पाळ्या करायच्या. नाहीतर आठ-दहा जणांनी एखाद्या वाटेच्या कडेला दबा धरून बसायचं. रेडिओवर बोलायचं नाही. तळावरून विचारणा झाली की बटण दोनदा दाबायचं, त्या दोन खरखरींचा अर्थ ‘सगळं ठीक’. खोकला दाबायचा, डास चावू द्यायचे, पाऊस अंगावर घ्यायचा. अंधारात झुडपं चालायला लागतात असं जवळजवळ प्रत्येकानं सांगितलंय. सकाळी तारांपुढे कधी मेलेलं रानडुक्कर मिळायचं, कधी रक्ताचा माग आणि कधी पहाटे लवकर शेतावर निघालेला माणूस.

एम-१६ रायफल अडकायची, हे खरं का?

१९६६-६७ मध्ये खरंच अडकत होती. गोळीतली दारू बदलली होती, नळीच्या मागच्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता आणि साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलं नव्हतं. अडकलेल्या रायफली हातात घेतलेले मृत सैनिक सापडले. १९६७ साली अमेरिकन संसदेच्या उपसमितीनं चौकशी करून ताशेरे ओढले. नंतर रायफल सुधारली.

जखमी झाल्यावर?

‘डॉक’ धावायचा, रेडिओवर हेलिकॉप्टर मागवलं जायचं. बरेचदा तासाभरात माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असायचा. आधीच्या युद्धांत मेले असते असे कित्येक यामुळे वाचले, पुष्कळांनी हातपाय गमावले. गावकऱ्यालाही कधी त्याच हेलिकॉप्टरनं नेलं जायचं. सगळ्याच वैमानिकांनी आणि अधिकाऱ्यांनी ते केलं असं नाही.

घरच्यांशी संपर्क कसा असायचा?

पत्रं. तिकीट लागत नसे, पाकिटाच्या कोपऱ्यात ‘मोफत’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला की पत्र जायचं. रेशन आणणाऱ्या हेलिकॉप्टरमधून टपालाची लाल पोती यायची. ज्याला पत्र नाही त्याच्याकडे त्या संध्याकाळी कुणी बघायचं नाही. वर्षातून एकदा पाच-सात दिवसांची सुट्टी: बँकॉक, हाँगकाँग, सिडनी, आणि लग्न झालेल्यांना बायकोला भेटायला हवाई.

लष्करी सैनिकाची मुदत बारा महिने, मरीनची तेरा. प्रत्येकाचा दिवस वेगळा, कारण माणसं एकेकटी यायची आणि एकेकटी जायची. हेल्मेटच्या कापडावर महिन्यांची नावं लिहून एकेक खोडली जायची. अमेरिकेला ते ‘द वर्ल्ड’ म्हणत, जणू पायाखालची जमीन जगाचा भाग नव्हती. शेवटचे काही आठवडे उरलेला माणूस कमालीचा सावध होई. आणि नेमकं गाव, वाटा, माणसं कळायला लागलेली असत तेव्हाच त्याची मुदत संपे. त्याच्या जागी नवा यायचा, त्याला पुन्हा पहिल्यापासून. गावातल्या बाईसमोर मात्र सहा वर्षांत सहा अनोळखी मुलं तोच प्रश्न घेऊन उभी राहिली.

खाचरातून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत स्वतःच्या घरी पोचत होता. त्याच्या आतल्या जखमेला ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, हे अधिकृत नाव वैद्यकशास्त्रानं १९८० मध्ये दिलं.

काळे आणि गोरे सैनिक एकत्र राहायचे का?

गस्तीवर असताना, बहुतांशी हो. तळावर आल्यावर भिंती पुन्हा उभ्या राहत, विशेषतः एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर. १९६५-६६ मध्ये मृतांत काळ्या सैनिकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बरंच जास्त होतं. टीकेनंतर ते खाली आलं.

भारताचा याच्याशी काही संबंध होता का?

लढण्याशी नाही. फ्रेंचांबरोबरचं युद्ध थांबवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममधल्या युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, कॅनडा आणि पोलंड हे इतर सदस्य. भारतीय सैन्याचे अधिकारी त्या कामासाठी तिथे राहिले. युद्ध पेटल्यावर आयोगाच्या हातात फारसं काही उरलं नाही.

आज ती गावं कशी आहेत?

भात पिकतो, रेडे चरतात, वाड्यांतून डांबरी रस्ते गेलेत. सोन मीमध्ये स्मारक आहे, तिथे मारल्या गेलेल्यांची नावं वयासकट लिहिली आहेत. १९९८ मध्ये थॉम्प्सन आणि कोलबर्न तिथे परत गेले आणि त्यांनी वाचवलेल्या बायकांना भेटले. जुने अमेरिकन सैनिक अजूनही येतात, आपण जिथे खड्डा खणून बसलो होतो ती जागा शोधतात. बहुतेकदा त्यांना ती सापडत नाही, कारण वेळूची बेटं तुटली आहेत आणि बांध सरकले आहेत.

जमिनीत मात्र अजून बरंच काही आहे. व्हिएतनाम सरकारच्या आकड्यांप्रमाणे १९७५ नंतर, म्हणजे युद्ध संपल्यावर, न फुटलेल्या दारूगोळ्यानं ४० हजारांच्या आसपास माणसं मारली आणि ६० हजार जखमी केली. सगळ्यांत वाईट स्थिती उत्तरेकडच्या क्वांग त्री भागाची. नांगराला, कुदळीला काही टणक लागलं की तिथला शेतकरी आजही हात थांबवतो आणि निकामी करणाऱ्या पथकाला बोलावतो.